नांगर धरतो तो कोनावर

बोटीला किती किलोचा नांगर घ्यावा, हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो. वजनाला महत्त्व आहेच, पण मी सुरुवात कोनापासून करतो. तळाशी नांगराला बसणारी ओढ जितकी आडवी, तितका तो खोल रुततो. ओढ वरच्या दिशेने लागली की तोच नांगर उपटून येतो. साखळी किती, दोर कसला, टाकताना घाई का नको, ही सगळी उत्तरं इथूनच निघतात.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1933 साली फाळाच्या आकाराचा सीक्यूआर नांगर काढला आणि पुढे कित्येक दशकं लांबच्या प्रवासाच्या बोटींवर तोच दिसायचा. पण टणक वाळूत तो कुशीवर पडून घसरत राहतो. डॅनफोर्थ हलका, चपटा. वाळूत आणि चिखलात वजनाच्या मानाने जबरदस्त धरतो. मात्र वारा फिरून ओढीची दिशा बदलली, तर निसटून पुन्हा रुतेलच असं नाही. म्हणून तो माझा दुसरा नांगर. मुख्य नांगर अंतर्गोल पात्याचा घ्या, रोक्ना किंवा स्पेडसारखा. त्याचं टोक लवकर घुसतं, आणि ओढ वाढली की तो आणखी खोल जातो. बोटीची लांबी आणि वजन उत्पादकाच्या तक्त्यात पाहा आणि एक माप वरचं घ्या. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

साखळी गॅल्व्हनाइज्ड हवी आणि तिच्या कड्या विंडलासच्या (साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या) चाकात नीट बसायला हव्यात. 8 मिमी साखळीचं वजन मीटरला साधारण 1.4 किलो, म्हणजे 50 मीटरला 70 किलो. एवढा भार बोटीच्या पुढच्या टोकावर असला की लाटांत ती जास्त आपटते. त्यामुळे लहान बोटीला थोडी साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर हे बरं. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची (यू-आकाराच्या कडीची) पिन तारेने बांधून टाका. स्विव्हल (मध्ये बसवायची फिरती कडी) मी लावत नाही. तो आडव्या ओढीला कमजोर ठरू शकतो, आणि त्याच्यावाचून अडतही नाही.

आता लांबीचा हिशेब. समजा खोली 5 मीटर. बो रोलर (बोटीच्या पुढच्या टोकावरचं, साखळी ज्यावरून सुटते ते चाक) पाण्यापासून 1 मीटर वर, आणि भरतीला पाणी अजून 2 मीटर चढणार. म्हणजे हिशेब 8 मीटरवर करायचा. पूर्ण साखळी असेल तर पाचपट, 40 मीटर. दोर असेल तर सातपट किंवा जास्त. नुसते 5 मीटर धरून 25 मीटर सोडलेत, तर भरतीच्या वेळी प्रमाण जेमतेम तिपटीवर येतं आणि ओढ वर सरकते. साखळीचा झोळ सांभाळून घेईल, हा भरवसा मंद वाऱ्यातलाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, साखळी ताठ होते, आणि मग कामाला येते ती फक्त सोडलेली लांबी.

ताठ साखळीला लवचीकपणा नसतो, म्हणून स्नबर लावा: आठ-दहा मीटर तीनपदरी नायलॉन, एक टोक साखळीला, दुसरं क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला). झटके दोर झेलतो आणि विंडलासवर भार राहत नाही.

टाकताना वाऱ्याकडे तोंड करून हळू पुढे जा, बोट पूर्ण थांबू द्या, मग नांगर तळापर्यंत उतरवा. वरून साखळीचा ढीग ओतू नका. बोट मागे सरकत जाईल तशी साखळी सोडा. ठरलेली लांबी गेली की स्नबर बांधा आणि इंजिन रिव्हर्समध्ये घ्या, आधी अगदी हळू, मग वाढवत. या वेळी साखळीवर तळहात ठेवा. नांगर घसरत असेल तर खरखर आणि ठकठक हाताला स्पष्ट कळते. रुतला की साखळी ताणली जाते आणि गप्प होते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. जोर वाढवूनही त्या हलल्या नाहीत तरच इंजिन बंद करा. पाणी नितळ असेल तर मी उडी मारून नांगर बघून येतो.

शेवाळ आणि गवत टाळून वाळूचा उजळ पट्टा शोधा. प्रवाळावर नांगर कधीच टाकू नका. साखळीच्या एका फेऱ्यात वर्षानुवर्षांची वाढ चिरडते. शेजारी दोरावर उभी असलेली बोट साखळीवरच्या बोटीपेक्षा मोठा फेर घेते, तेवढी जागा सोडा. झोपण्याआधी अँकर अलार्म (बोट ठरलेल्या फेराबाहेर गेली की वाजणारा) लावा. त्याची त्रिज्या नांगर पडला त्या जागेपासून मोजायची, बोट उभी आहे तिथून नाही.

एक शेवटची तपासणी आजच करा. साखळीचं आतलं टोक लॉकरमध्ये शॅकलने बांधलेलं असेल तर ते काढून तिथे मजबूत दोर लावा, डेकपर्यंत पोचेल एवढा लांब. कधी सगळं सोडून निघायची वेळ आलीच, तर तो सुरीने कापता यायला हवा.