ओशन लायनरचं मॉडेल आणि पितळी रेलिंग: कुठून सुरू करायचं, काय कधी चिकटवायचं

मोठ्या प्रवासी बोटीचं मॉडेल करायला घेतलं की सगळ्यांचा डोळा धुराड्यांवर आणि काळ्या-लाल रंगावर असतो, आणि रेलिंगची ती पितळी जाळी "शेवटी बघू" म्हणून डब्यात तशीच पडून राहते. गडबड इथेच होते. रेलिंग लागतं शेवटी हे बरोबर, पण कुठला डेक आधी जोडायचा, कुठला सुटा ठेवून रंगवायचा, कुठे चिमटा शिरायला जागा सोडायची हे सगळं त्या रेलिंगवरच ठरतं. म्हणून खालचं सगळं रेलिंग समोर ठेवूनच लिहिलंय, बाकी डेक-बिक किटच्या (मॉडेलच्या प्लास्टिक भागांचा डबा) कागदावर दिलेलं असतंच.

आधी स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या जहाजापेक्षा किती पट लहान (१/३५० म्हणजे साडेतीनशे पट). खऱ्या जहाजावरचा कठडा साधारण १.१ मीटर उंच, म्हणजे १/३५० मध्ये जेमतेम ३ मिलिमीटर, १/४०० मध्ये पावणेतीन आणि १/७०० मध्ये दीड. आणि त्यातला पाइप खऱ्यात चार सेंटीमीटर धरला तर १/३५० मध्ये ०.११ मिलिमीटर. एवढं बारीक प्लास्टिक साच्यातून निघत नाही, म्हणून किटमध्ये रेलिंग एकतर नसतंच नाहीतर इतकं जाड असतं की बोटीला कुंपण घातल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय फोटो-एच, म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यावर नक्षी छापून बाकीचा पत्रा रसायनाने खाऊन टाकतात आणि खांब-पाइपांची जाळी उरते. हे सेट बहुतेक वेळा किटपासून वेगळे घ्यावे लागतात आणि ठरावीक किटसाठीच बनवलेले असतात, तेव्हा ऑर्डर करताना स्केलसोबत किट कुठल्या कंपनीचं तेही जुळवून बघा.

टायटॅनिक २६९ मीटर लांब होती. १/३५० मध्ये ती ७७ सेंटीमीटर होते, १/४०० मध्ये ६७, १/७०० मध्ये ३८. क्वीन मेरी २ तर ३४५ मीटर, १/४०० मध्ये ८६ सेंटीमीटर, आधी कपाट मोजा मग पैसे भरा. पहिल्यांदा करणाऱ्याला माझ्या मते १/४०० ची टायटॅनिक ठीक. १/७०० छोटी म्हणून सोपी वाटते पण दीड मिलिमीटरचं रेलिंग पकडायला फार वैताग, तो नंतरचा विषय.

आता फोटो. बांधायला बसण्याआधी ज्या जहाजाचं मॉडेल आहे त्याचे फोटो जमवा आणि प्रत्येक फोटो कुठल्या सालचा, कुठल्या जहाजाचा ते नीट बघा. टायटॅनिकच्या नावाखाली फिरणारे बरेच फोटो तिची बहीण ऑलिंपिक हिचे असतात, आणि दोघींत ए-डेकवरच फरक आहे, टायटॅनिकच्या त्या डेकचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद केलेला, ऑलिंपिकचा उघडा. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या पांढऱ्या बोटी स्ट्रॅथनेव्हर आणि स्ट्रॅथएअर्ड, १९३०च्या दशकात मुंबईला येणाऱ्या, त्यांना तीन धुराडी होती आणि चालू फक्त मधलं, बाकीची दोन शोभेची, दुसऱ्या महायुद्धानंतर ती काढून टाकली. म्हणजे साल चुकलं की अख्खी बोट चुकली. गोव्यात तर हे फोटो कधीकधी घरातच सापडतात, पी अँड ओ आणि बीआयच्या (ब्रिटिश इंडिया कंपनी) बोटींवर किती तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, गेले आपले, स्टुअर्ड म्हणून, कुक म्हणून, एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत डेकवर उभं राहून काढलेला फोटो असेल तर तो कुठल्याही पुस्तकापेक्षा भारी, कारण त्यात मागे कठड्याचे पाइप किती आणि खांब किती अंतरावर ते साफ मोजता येतं.

आणि एकदा पणजीच्या फेरीधक्क्यावर जाऊन उभे राहा. बेतीला जाणारी फेरीबोट असो की मांडवीत उभे असलेले कॅसिनोचे मजले, कठडा कसा बसवलेला असतो ते बघायला लायनरच पाहिजे असं काही नाही. खांब डेकच्या अगदी कडेला आहे की थोडा आत, कोपऱ्यावर पाइप वळवलाय की जोडलाय, शिडीपाशी कठडा कसा थांबतो, लोखंडी पत्र्याचा भरीव कठडा कुठे संपतो आणि पाइपांचा कुठे सुरू होतो. हिवाळ्यात मुरगाव बंदरात क्रूझ शिप लागते तेव्हा लांबून का होईना तीही बघा. (त्याच मुरगावात ऑक्टोबर १९४३ मध्ये ग्रिप्सहोम नावाची स्वीडिश लायनर आली होती, दुसरीकडून जपान्यांची तेइआ मारू, जी मूळची फ्रेंच लायनर, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान दोन्हीकडे अडकलेल्या लोकांची तिथे अदलाबदल झाली. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ म्हणून. ग्रिप्सहोमचं किट कोणी काढलं तर गोव्यात दोन-चार तरी खपतील.)

सामान फार लागत नाही. बारीक टोकाचे दोन चिमटे, एक सरळ एक वाकडा, ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड, कापायला जुनी टाइल नाहीतर काचेचा तुकडा, दोन स्टीलच्या पट्ट्या, बारीक कानस, मास्किंग टेप, भिंग, आणि कंपासपेटीतला डिव्हायडर. चिमटे हॉबीच्या दुकानातलेच हवेत असं काही नाही, सोनारकामाच्या अवजारांच्या दुकानात चांगले मिळतात आणि घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंगही तिथे विचारा. कापायला मऊ रबरी मॅट मात्र नको, त्यावर ब्लेड दाबलं की खालची मॅट दबते आणि पितळ वाकतं, कडक टाइलवर कट् करून सरळ तुटतं. बसायला बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) उजेड छान असतो पण वारा येतो, आणि या कामात वारा म्हणजे शत्रू, पंखासुद्धा बंद ठेवायचा, खिडकी थोडी उघडी, कारण फेविक्विकचा वास डोळ्यात जातो. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, कापताना तुकडा उडतो तो कुठे जाईल सांगता येत नाही. टेबलाच्या कडेला एक जुनी चादर खोचून तिचं दुसरं टोक मांडीवर घ्या, उडालेला तुकडा तिथेच सापडतो.

मग बांधणी. हलचे (बोटीच्या धडाचे) दोन भाग जोडा, सांधा घासून सपाट करा, पोर्टहोल, म्हणजे गोल खिडक्या, उघडे हवे असतील तर आत्ताच हाताच्या ड्रिलने पाडून घ्या. रंग देताना खालचा लाल आणि वरचा काळा यांच्यातली रेघ मास्किंग टेपने आखा आणि टेपची कड नखाने नीट दाबा, इथे घाई नको. पण डेक एकावर एक चढवून मोकळे होऊ नका. प्रत्येक डेक आणि त्यावरच्या खोल्यांचा डबा वेगळा रंगवून सुटा ठेवा, नुसता वर ठेवून बघा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, हा वरचा मजला कायमचा बसला तर खालच्या कठड्यापर्यंत चिमटा पोचेल का? नाही पोचणार तर ते रेलिंग आधी, मजला नंतर. साधारण नियम असा की आतलं आधी, बाहेरच्या कडेचं शेवटी, आणि जहाजाच्या मध्यापासून टोकांकडे जायचं, म्हणजे हात टेकवायला नेहमी न लावलेला भाग शिल्लक राहतो. लाइफबोटी आणि त्यांचे डेव्हिट (बोट खाली सोडायचे वाकडे खांब) कुठे येणार ते डेकवर पेन्सिलने आखून ठेवा कारण बोट बाहेर झुलवायची तिथे कठडा सहसा सलग नसतो, तुटलेला किंवा काढता येणारा असतो. मास्ट (डोलकाठ्या) आणि दोर सगळ्यात शेवटी, रेलिंगच्याही नंतर.

पितळाला रंग रेलिंग अख्ख्या जाळीत जोडलेलं असतानाच द्यायचा, कापून झाल्यावर नाही. आधी भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, मग थिनर लावलेल्या फडक्याने हलकं पुसा, बोटाचं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो. मग मेटल प्रायमर, मग पांढरा, दोन्ही बाजूंनी, तिरक्या कोनातून, अगदी पातळ थर. ब्रशने जाड दिलं की पाइपांच्या मधल्या भोकात रंग पडद्यासारखा धरतो आणि मग काही केल्या निघत नाही. पांढरा अगदी ट्यूबलाइटसारखा नको, थेंबभर पिवळट घाला, छोट्या स्केलमध्ये तो जास्त खरा वाटतो. बऱ्याच लायनरवर प्रवाशांच्या डेकवरच्या कठड्याला वर सागवानी दांडा असायचा, तसा तुमच्या फोटोत दिसला तर जाळीवरच वरच्या पाइपावर बारीक ब्रशने तपकिरी ओढून घ्या. पितळ प्रायमरशिवाय उघडं ठेवू नका, समुद्राची हवा लागून काळपट-हिरवट पडतं.

मोजमाप डिव्हायडरने किंवा टेपने. डेकच्या कडेवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावायची, सुरुवात, शेवट आणि वळणं पेन्सिलने मारायची, ती पट्टी उचलून टाइलवर सरळ चिकटवायची आणि शेजारी जाळी ठेवून कापायचं. कापताना खांबाला लागून कापा, दोन खांबांच्या मधे लोंबणारं टोक ठेवू नका, आणि पुढचा तुकडा जिथे सुरू होतो तिथला खांब काढून टाका म्हणजे सांध्यावर दोन खांब एकत्र दिसत नाहीत. एका वेळी सात-आठ सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडा नको, लांब रेलिंग चिमट्यात शिजलेल्या शेवईसारखं लोंबतं आणि मधे टेकून अख्खी लाइन खराब करतं.

कोपरा आला की शक्यतो कापू नका, वाकवा. खूण केलेल्या जागेवर दोन स्टीलच्या पट्ट्यांमधे दाबून ब्लेडच्या बाजूने उचलायचं, काटकोन स्वच्छ येतो. पिछाडीचं गोल वळण वेगळं. तिथे पितळ उसळी मारतं, गोल केलं तरी परत सरळ व्हायला बघतं. त्यासाठी तो तुकडा रंगवायच्या आधीच कापून मेणबत्तीवर क्षणभर तापवून थंड होऊ द्यायचा, पितळ मऊ होतं, मग ब्रशच्या दांड्यावर किंवा पेनाच्या टोपणावर गुंडाळून गोल घ्यायचा, काजळी पुसायची आणि मग रंग. सगळी जाळी मात्र तापवू नका, मऊ झालेलं रेलिंग बोट लागलं तरी वाकडं होतं. स्टीलचा सेट असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे वळण थोडं जास्तच घट्ट द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही. जुन्या लायनरचा डेक सहसा सपाट नसतो, नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) आणि पिछाडीकडे वर उचललेला असतो, आणि रेलिंगची पट्टी तर सरळ. ती जबरदस्तीने बसवली की मधे खांब हवेत राहतात. खालच्या पाइपाला दोन-तीन खांबांमागे ब्लेडने एक बारीक काप द्या, पट्टी डेकबरोबर वळते आणि काप रंगाखाली दिसत नाही.

आता गोंद. डेकच्या कडेला जिथे खांब टेकणार तिथला रंग ब्लेडच्या टोकाने हलका खरवडा, नाहीतर गोंद रंगाला धरतो आणि रंगासकट सुटतो. मी आधी पांढरा फेविकॉल घेतो, टूथपिकने पातळ रेघ ओढायची, रेलिंग उभं करायचं, तो सुकायला वेळ घेतो तोवर बाजूने, समोरून, वरून बघून सरळ करायचं. एक डोळा बंद करून डेकच्या पातळीवरून बघा, वाकडेपणा तिथूनच कळतो. सुकला की मग पातळ सुपरग्लू (फेविक्विकसारखा). जुन्या सुईचं नेढं वरून तोडलं की दोन टोकांचा बारीक काटा होतो, त्यात ग्लूचा एवढुसा थेंब राहतो, तो खांबाच्या बुडाला टेकवला की आपोआप आत ओढला जातो. ट्यूबमधून सरळ बोटीवर कधीच नको. आणि चुकून सांडला तर नेलपॉलिश रिमूव्हर आणायला धावू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक विरघळवतं, सुकू द्या आणि ब्लेडने खरवडा. नाळेपाशी दोन्ही बाजूंचे तुकडे टोकापासून सुरू करून मागे न्यायचे, टोकावर सांधा जुळला की पुढचं निभावतं.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे काम जपूनच. हवेत एवढं दमट असतं की सुपरग्लू लगेच धरतो आणि सांध्याभोवती पांढरी भुकटी बसते, काळ्या हलवर तर ती लांबूनही दिसते, आणि लॅकरचा स्प्रे मारला तर रंग दुधाळ पडतो. पावसाळ्यात कापणं, वाकवणं, कोरडं जुळवून बघणं करा, स्प्रे आणि सुपरग्लू चवथ (गणेशचतुर्थी) उरकून हवा कोरडी झाली की. उघडलेली ग्लूची ट्यूब घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

झालेलं मॉडेल उघडं ठेवू नका, धूळ रेलिंगमध्ये अडकली की झटकताना रेलिंगच हातात येतं. काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घ्या, खालच्या फळीला वाळवी लागणार नाही असं लाकूड बघा, आणि पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात भिंतीची ओल तिथूनच आत शिरते.