डीएफ म्हणते डिस्क भरली, डीयूला फाइली सापडेनात

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या वजनकाट्यावरचा लिनक्स संगणक अडतो: ‘जागा शिल्लक नाही’. बाहेर गाड्यांची रांग असली तरी दिसेल ते डिलीट करत सुटू नका. आधी दोन आकडे कागदावर घ्या. (आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत टंकायच्या.)

‘डीएफ -एच /’ (डीएफ, म्हणजे df, डिस्क किती भरली ते सांगतं) आणि ‘सुडो डीयू -एक्सएसएच /’ (डीयू, म्हणजे du, दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करतं; सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने). सुडो नसेल तर बंद फोल्डरं मोजणीतून सुटतात आणि नसलेला फरक दिसतो. आकडे जवळपास जुळले तर जागा हरवलेलीच नाही. बहुतेकदा /व्हार/लॉग (प्रोग्रामच्या नोंदींचं, म्हणजे लॉगचं फोल्डर) फुगलेलं असतं. डीएफचा आकडा बराच मोठा असेल तर पुढे वाचा.

पहिला संशय डिलीट केलेल्या लॉगवर. फाइलचं नाव गेलं, पण तिला उघडून बसलेला प्रोग्राम चालू असेपर्यंत जागा सुटत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ (इथला एल मोठा) अशा फाइली दाखवतं. तो प्रोग्राम बंद करून परत चालू करा, काम झालं.

आपल्याकडे मात्र खरा चोर वेगळाच. लाइन जाते-येते, संगणक उठतो, बाहेरची यूएसबी डिस्क उठत नाही. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी चालू हो, असल्याने कुणाला पत्ताही लागत नाही. रात्रीचा बॅकअप, एरवी ती डिस्क जिथे जोडली जाते त्या /बॅकअप या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच उतरतो. सकाळी कुणीतरी डिस्क जोडतं आणि त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. डीएफ त्या मोजतं, डीयूला दिसत नाहीत.

मूळ डिस्क /एमएनटी इथेही उघडायला ‘सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी’ द्या (आरबाइंड नको, नाहीतर वरची डिस्कही सोबत येईल). आता /एमएनटी/बॅकअपमध्ये झाकलेला माल दिसेल. त्या रात्रींचा बॅकअप तेवढाच आहे, म्हणून आधी तो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, उघडून तपासा, मगच पुसा. शेवटी ‘सुडो यूमाउंट /एमएनटी’.

पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरवर ‘सुडो चॅटर +आय /बॅकअप’ लावा (चॅटर म्हणजे chattr). ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वर मग रूटलाही (प्रशासकालाही) तिथे फाइल बनवता येत नाही, डिस्क मात्र नेहमीसारखी जोडली जाते. बॅकअप त्या रात्री चुकेल, पण चूक दिसेल तरी.

दोन्ही संशय खोटे ठरले, डीएफ जागा दाखवतं आणि तरी फाइल बनत नाही? मग ‘डीएफ -आय’ पाहा: लाखो बारीक फाइलींनी आयनोड (दर फाइलमागे लागणारी नोंद; त्यांची संख्या ठरलेली असते) संपवलेले असतात. आणि ईएक्सटी४ मुळातच ५% जागा रूटसाठी राखून ठेवतं, ५०० जीबीत २५ जीबी. ती हरवलेली धरू नका.