दोन लॅपटॉप, किंमत जवळपास सारखी, मग घ्यायचा कुठला?

दर वर्षी जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की घरोघरी हाच प्रश्न, आणि लोक काय करतात तर दोन लिंक पाठवतात, "यातला कुठला चांगला सांग". दोन्हीवर लिहिलेलं असतं रायझन ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. एक ४५ हजारांचा, दुसरा ५२ चा, मग स्वस्तातला घेऊन टाकू की, सात हजार वाचले!

थांबा जरा. आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघा, नुसतं रायझन ५ (एएमडी कंपनीचा) किंवा आय५ (इंटेलचा) वाचून काही कळत नाही. एएमडीच्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, तो आतलं डिझाइन कुठल्या पिढीचं आहे ते सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, हे २०१९ चं डिझाइन, कोर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, फक्त चार. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, कोर सहा. नावात फरक एका आकड्याचा, पण वापरताना चांगलाच जाणवतो, आणि दोन्हीवर स्टिकर तेच रायझन ५ चं. नावं कोण ठेवतं देव जाणे. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा, यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा. नुसते कोर मोजून फसू नका, आय५ १३३५यू ला दहा कोर आहेत पण त्यातले दमदार दोनच, १३४२०एच ला एकूण आठ पण दमदार चार, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंग वगैरे लांब चालणाऱ्या कामाला एच बरा. बॅटरी मात्र तो लवकर संपवतो, त्यामुळे दिवसभर कॉलेजात चार्जरशिवाय फिरणार असाल तर यू च घ्या.

मग रॅम. किती आहे यापेक्षा वाढवता येते का ते महत्त्वाचं, कारण पातळ लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, आज ८ घेतली की कायमची ८. दुकानात डेमो पीस असेल तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दिसलं तर बहुतेक एक स्लॉट रिकामा आहे, तरी मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये खात्री करून घ्या. फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर केलेली, विषय संपला. सेल्समन बघत राहील, बघू दे.

स्क्रीनबद्दल लिस्टिंगमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात असतं. निट्स म्हणजे उजेड किती, एनटीएससी आणि एसआरजीबी म्हणजे रंग किती दाखवते त्याची मापं. २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंग फिके, खिडकीशेजारी बसलं की स्वतःचं तोंडच दिसणार. ३०० निट्सच्या वर आणि १०० टक्के एसआरजीबी असेल तर दोन-तीन हजार जास्त द्यायला माझी हरकत नाही, कारण रॅम पुढे एखादवेळी वाढवता येते, स्क्रीनचं तसं नाही. बॅटरीचे तास कंपनी काहीही सांगते, वॉट-अवर बघा, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते, ४२ आणि ६० मध्ये बराच फरक आहे.

आता खरा हिशोब. एमआरपीवर ३८ टक्के सूट वगैरे सोडून द्या, हातात पडेपर्यंत किती लागले ते लिहा. कार्डाची सूट तुमच्याकडे ते कार्ड असेल तरच धरा, आणि नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बऱ्याचदा आपल्याच खिशातून जाते. समजा पहिला ४५ हजारांचा, चार कोर, रॅम सोल्डर केलेली, तीन वर्षांत रडायला लागेल, म्हणजे वर्षाला १५ हजार. दुसरा ५२ चा, वर रॅम आणि वाढीव वॉरंटीचे मिळून ६ हजार धरा, झाले ५८, पण पाच वर्षं आरामात चालला तर वर्षाला ११,६०० पडतो. नुसतं ब्राउझर आणि वर्ड वापरणाऱ्या आईबाबांसाठी हेच गणित उलटं पण निघू शकतं, त्यांना पहिलाही पाच वर्षं पुरेल, तिथे उगाच खर्च करू नका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात किंवा कुठल्याही दुकानात भाव काढताना ऑनलाइनचा भाव आधी दाखवा, पैसे कमी नाही केले तरी बॅग माउस तरी मिळतो. पण मॉडेलचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या, शेवटची दोन अक्षरं बदलली की कधीकधी स्क्रीनच वेगळी निघते. वॉरंटी ऑनसाइट आहे की सर्व्हिस सेंटरला आपणच घेऊन जायचं हेही विचारा, गाव तालुक्याला असेल तर हा फरक मोठा आहे. खोका उघडताना व्हिडिओ काढा आणि सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा, सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली तर तिथल्या तिथे बिल दाखवून दुरुस्त करून घ्या.