होडीच्या बुडाला पट्ट्या लावताय? या चुका टाळा

आमचे मोठेबाबा म्हणायचे, "डोंगा पान्यात नाई झिजत बाबू, काठावर झिजते." तेव्हा डोंगे लाकडाचे होते. आता मच्छीमार सोसायटीच्या तलावांवर फायबरच्या होड्या आल्या, पण गोष्ट तीच राहिली.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले जुने मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांनी बांधलेले गावतलाव, पसरट आणि उथळ. दिवाळीला पाणी पाळीला टेकलेलं असतं, दोन पावलं ढकलली की होडी तरंगते. होळीनंतर पाणी आत आत सरकतं आणि मधे उघडा पडतो मुरूम, गोटे, बेशरमच्या झुडपांची कापलेली खुंटं. सकाळी जाळं काढायला जाताना आणि परत येताना त्याच्यावरूनच होडी ओढायची. आधी बुडाचा रंग जातो, मग वरचा गुळगुळीत थर, मग काचेचे धागे दिसायला लागतात. धागे उघडे पडले की पाणी त्यांच्या बाजूने आत शिरतं. होडी हळूहळू जड होते, बुडावर फोड येतात, थर सुटतात. आपण म्हणतो, मालच खराब होता. पुष्कळदा माल चांगला असतो. त्याला आपण अनवाणी चालवलेलं असतं.

उपाय म्हणजे बुडाला लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या. मिनेसोटा, फिनलंडसारख्या थंड मुलखात लोक गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतात. सगळं सामान प्लास्टिकच्या घसरगाडीत घालून बर्फावरून ओढत नेतात. त्या गाडीचं बूडही बर्फापेक्षा काठावरच्या खडीने आणि उघड्या रस्त्याने जास्त झिजतं. म्हणून तेही खाली घसरपट्ट्या लावतात, आणि त्या बहुतेक पॉलिथिलीनच्या असतात. त्यांचा बर्फ आणि आपला मुरूम यांत फार फरक आहे, पण पट्टीचं काम एकच: होडीच्या ऐवजी स्वतः झिजायचं. हे एकदा मनात पक्कं बसलं की खालच्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

लोखंडी पट्टी

पहिल्या वर्षी आम्ही हेच केलं. लोहाराकडून दोन पट्ट्या घेतल्या, होडीला आरपार भोकं पाडली आणि नट-बोल्ट आवळले. सहा महिन्यांत बोल्ट गंजले, भोकांच्या कडा तडकल्या, पाणी आत. वजन वाढलं ते वेगळंच. त्या बोल्टची डोकी बाहेर होती, ती प्रत्येक गोट्याला अडायची आणि प्रत्येक धक्का थेट भोकाला बसायचा.

त्यापेक्षा काळी एचडीपीई, म्हणजे कडक पॉलिथिलीनची पट्टी घ्या, १२ मिलिमीटर जाड, ५ सेंटीमीटर रुंद. ती गंजत नाही, पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगते आणि चिखल तिला फारसा धरत नाही. काळीच घ्या. काळ्या रंगातला काजळीसारखा कार्बन उन्हापासून तिला वाचवतो. पांढरी पट्टी आपल्या उन्हात लवकर कडक होऊन तुकडे पडते. पैसे नसतील तर तुषार सिंचनाचा जुना काळा पाइप उभा चिरून लावता येतो. पातळ असल्याने एखादा हंगामच जातो, पण तो हंगाम बूड वाचतं. करडा पीव्हीसी पाइप मात्र नको. तो उन्हाने ठिसूळ होतो आणि गोट्यावर आपटला की फुटतो, फुटलेली धार मग बुडालाच ओरखडते.

रुंदीत कंजुषी करू नका. होडी ८० किलो आणि सामान ४० किलो धरा. दोन मीटरच्या, पाच सेंटीमीटर रुंद दोन पट्ट्यांवर हा भार दर चौरस सेंटीमीटरला ६० ग्रॅम येतो. पट्टी अडीच सेंटीमीटरची केली की तो दुप्पट, आणि गाळात ती सुरीसारखी रुतते. इटियाडोहसारख्या धरणाच्या दगडी काठावर अरुंद पट्टी चालून जाईल, गावतलावात चालत नाही.

बुडाला आरपार भोकं आणि सागवानाचा हट्ट

बुडातलं प्रत्येक भोक ही उद्याची गळती आहे. म्हणून आधी बुडावर बाहेरून २० मिलिमीटर जाडीची एक फळी बसवायची, तिच्यावर काचेची मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) चढवून ती होडीचाच भाग करायची, आणि एचडीपीई पट्टी त्या फळीत स्क्रूने कसायची. हिशेब असा: स्क्रूच्या डोक्यासाठी पट्टीत ५ मिलिमीटर खोल खाच, म्हणजे डोक्याखाली पट्टीची ७ मिलिमीटर उरली. २५ मिलिमीटरचा स्क्रू फळीत १८ मिलिमीटर जातो आणि बुडाच्या अलीकडेच थांबतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. प्रत्येक भोकात पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब घाला. सिलिकॉन नको, ते एकदा लागलं की पुढे त्या जागी ना रंग बसतो ना रेझिन.

आता फळी. आपल्याकडे कुणालाही विचारा, "सागवानच लाव" असंच सांगेल. लाकूड म्हणून सागवानाला तोड नाही, पण त्याच्या अंगात तेल असतं आणि पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही. वर्षभरात फळी आवरणासकट सुटून येते. इथे वॉटरप्रूफ प्लायच्या पट्ट्याच बऱ्या.

बूड पूर्ण वाळल्याशिवाय यातलं काही करू नका. होडी उलटी करून चांगली आठवडाभर उन्हात ठेवा, मग पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. रेझिनचं काम पावसाळ्यात नको, आणि मेच्या भर दुपारीही नको, कारण हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) घातल्यावर ते डब्यातच दगड होतं. फेब्रुवारीतली सकाळ आणि सावली उत्तम. हार्डनर शंभराला एक ते दोन भाग, त्याहून जास्त नाही.

हे नीट वाचा: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नका. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पट्टी घट्ट आवळणं

ही चूक चांगल्या कारागिराकडूनही होते, आणि आपल्या मुलखात तिची शिक्षा सगळ्यात मोठी. एचडीपीई उन्हाने फार लांबते. जानेवारीच्या १० अंशांच्या सकाळी दोन मीटरची पट्टी बसवली आणि मेमध्ये होडी उलटी करून उन्हात ठेवली, तर काळी पट्टी ६० अंशांपर्यंत सहज तापते. तेवढ्यात ती होडीपेक्षा सेंटीमीटरभर जास्त वाढते. सगळी भोकं गोल आणि सगळे स्क्रू गच्च असतील तर तिला जायला जागाच नाही. मग ती मधे फुगते आणि स्क्रू उपसते. फुगलेल्या जागी खडी अडकते आणि ओढताना तीच खडी कानशीसारखी बुडाला घासते. पट्टी लावूनही बूड झिजलं अशी तक्रार ऐकली की मी आधी हीच जागा बघतो.

म्हणून मधलं एकच भोक गोल ठेवा. बाकीची लांबट करा: सहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी टोकाकडे सोळा मिलिमीटर लांब, मधे थोडी कमी. डोकं बसायला भोकाभोवती चपटी खाच कोरा, चपट्या डोक्याचा स्क्रू आणि वायसर वापरा. पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल करा. पट्टी हाताने किंचित सरकली पाहिजे.

चिकटवण्याच्या भानगडीत पडूच नका. एचडीपीईला एम-सील, रेझिन, डिंक काहीच धरत नाही. ज्या गुणामुळे चिखल चिकटत नाही, त्याच गुणामुळे गोंदही चिकटत नाही.

टोकं

पुढचं टोक वर वळलेलं हवं, होडीच्या पुढच्या वळणासोबत किमान वीतभर. सपाट कापलं तर ते नांगराच्या फाळासारखं गाळात घुसतं. पट्टीचं टोक उकळत्या पाण्यात चांगलं बुडवून गरम करा, फळीला दाबून वळवा आणि थंड होईपर्यंत दाबूनच ठेवा.

मागे मात्र बरेच जण वीतभर आधीच थांबतात, पट्टी पुरली नाही म्हणून. दोर धरून होडी ओढताना पुढचं तोंड उचललं जातं आणि सगळा भार मागच्या तिसऱ्या भागावर पडतो. बूड सर्वांत आधी तिथेच झिजतं. पट्टी कमी पडली तर पुढून कापा, मागून नाही. दोरही खालच्या कडीला बांधा. वरच्या कडीला बांधलं तर तोंड आणखी उचलतं.

ओढताना काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

होडी एका अंगाला पळत असेल तर दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. बोटभर फरकही पुरेसा असतो. ओढताना खरखर आवाज येत असेल तर एखाद्या स्क्रूचं डोकं वर आलंय, त्याच दिवशी बघा. आत थोडं थोडं पाणी साचतंय आणि वरून चीर दिसत नाही, तर होडी काठावर आणून आत चार बादल्या पाणी ओता आणि खालून फळीच्या कडेने कुठे ओल येते ते शोधा. फळीवर टकटक करा. पोकळ आवाज आला तर आत पाणी मुरलंय. तेवढा भाग उघडून वाळवूनच दुरुस्त करावा लागतो, वरून मॅट थापून भागत नाही.

संध्याकाळी होडी ओल्या गाळावर सोडून घरी येऊ नका. दोन ओंडक्यांवर ठेवा. बर्फावरचे लोकही रात्री गाडीखाली फळ्या घालतात, नाहीतर पट्ट्या बर्फात गोठून बसतात. आपल्याकडे गोठत नाही, पण बूड रात्रभर ओलं राहतं.

पट्टी कधी बदलायची, यासाठी मी प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाजवळ खालून एक बारीक भोक पाडतो, स्क्रूचं डोकं जितकं आत आहे त्याहून किंचित कमी खोल. ते पुसलं गेलं की स्क्रूचं डोकं उघडं पडायला आलं, त्याच आठवड्यात पट्टी बदलायची. गेल्या होळीला उजवीकडची बदलली, कारण आमची होडी रोज त्याच अंगाने वर ओढली जाते. डावीकडचं भोक अजून दिसतंय.