सफरचंदाचा केक गिच्च होऊ नये म्हणून: आधी रस आटवा

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत साताऱ्या-सांगलीच्या मंडईत काश्मीर-हिमाचलच्या नव्या सफरचंदांच्या पेट्या येतात. केक किंवा क्रम्बल (फळांच्या फोडींवर पिठा-तुपाचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ) करायचा तर तो याच दिवसांत. उन्हाळ्यात मिळणारं सफरचंद बहुधा शीतगृहातलं असतं. आतून पिठूळ झालेलं ते फळ भट्टीत गेलं की त्याचा लगदा होतो. घेताना दाबून पाहा, कडक आणि हाताला जड लागलं पाहिजे. लाल डेलिशस गोड असतं पण त्याला आंबटपणा कमी, म्हणून खालच्या दोन्ही कृतींत लिंबू आहे. ते वगळू नका.

अमेरिकेत पानगळीच्या दिवसांत बेकिंगसाठी जो 'सायडर' वापरतात तो म्हणजे ताज्या सफरचंदांचा न गाळलेला, न आंबवलेला रस. (इंग्लंडात सायडर म्हणजे मद्य, तो वेगळा.) आपल्याकडे मिळतो तो खोक्यातला गाळीव रस, त्यात तो दाटपणा नसतो. घरी काढणं सोपं आहे.

सव्वा किलो सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा, चकाकणाऱ्यांवर मेणाचा थर असतो. साल राहू द्या, बिया काढा. डागाळलेलं चालेल, पण बुरशी लागलेलं अख्खं फळ फेकायचं. बुरशीचं विष आजूबाजूच्या गरात उतरतं आणि उकळूनही जात नाही. फोडींवर अर्धं लिंबू पिळा, नाहीतर रस पाच मिनिटांत काळपट होतो. पाणी न घालता मिक्सरला फिरवा, धुतलेल्या मलमलच्या फडक्यात घालून पिळा. सहाशे मिलीच्या आसपास रस निघतो. चोथ्यात गूळ घालून मंद आचेवर परता, पोळीशी खायला होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. सफरचंदात शंभर ग्रॅमला सुमारे 85 ग्रॅम पाणीच असतं. तो रस तसाच केकमध्ये घातला तर पीठ सैल पडतं, केक फुगतो आणि मग मधोमध बसतो, आणि एवढं करून सफरचंदाचा स्वाद जवळजवळ लागतच नाही. म्हणून 600 मिलीचा रस आटवून 150 मिली करायचा. पसरट, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. पितळेत किंवा बिनकल्हईच्या भांड्यात रस कळकतो. अंदाज चुकू नये यासाठी पातेल्यात आधी 150 मिली पाणी ओता, लाकडी चमच्याचा दांडा उभा बुडवा, ओल जिथवर चढली तिथे खूण करा आणि पाणी फेका. रस उकळू लागला की वर तपकिरी फेस येतो, तो झाऱ्यानं काढा. सुरुवातीला मोठी आच चालते. पुढे बुडबुडे मोठे, संथ आणि चकचकीत होतात, तेव्हा आच बारीक करा आणि तिथून हलू नका. शेवटच्या पाच मिनिटांत करपला तर कडूपणा कशानंच जात नाही. तयार रस चमच्याच्या पाठीला पातळ पाकासारखा चिकटतो. बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो.

केकसाठी त्यातला 125 मिली घ्या. नवरात्रात बऱ्याच घरांत अंडं चालत नाही, म्हणून हा दह्याचा. कोमट रसात 110 ग्रॅम किसलेला गूळ विरघळवा आणि गाळा. कराड-सांगलीकडच्या चांगल्या गुळातही चिपाडाचे कण सापडतात. तासगावकडचे 50 ग्रॅम बेदाणे याच मिश्रणात अर्धा तास भिजवा. कोरडे घातले तर ते केकमधली ओल शोषतात आणि भोवती कोरडे कण राहतात. मिश्रण पूर्ण गार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. गरम रसात सोडा पडला की त्याचा जोर वाडग्यातच संपतो.

गार मिश्रणात 100 ग्रॅम घट्ट दही आणि 80 मिली तेल फेटा. 100 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम मैदा, एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा दालचिनी पूड, किसलेलं थोडं जायफळ आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात घाला. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, जास्त घोटलं तर केक चिवट होतो. पीठ चमच्यावरून जाड लडीनं पडलं पाहिजे. घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध. शेवटी एका सफरचंदाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी चमचाभर मैद्यात घोळवून घाला, म्हणजे त्या तळाला जात नाहीत. सात इंची भांड्यात, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर 45 ते 50 मिनिटं. पहिला अर्धा तास दार उघडू नका. काडी फोडीत घुसली तर ओलीच येणार, म्हणून दोन ठिकाणी टोचून पाहा.

ओव्हन नसेल तर कुकर कोरडा तापवण्यापेक्षा जुनी जाड कढई बरी. तळाला दोन वाट्या मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर तासभर. पाचगणी-महाबळेश्वरला, 1300 मीटरच्या आसपास, हवेचा दाब कमी असल्यानं केक भराभर फुगून बसतो. तिथे पावडर आणि सोडा दोन्ही पाऊण प्रमाणात घाला.

क्रम्बलमध्ये तेच पाणी वेगळ्या वाटेनं छळतं, वरचा थर खालून भिजून लापशी होतो. त्यासाठी 600 ग्रॅम सोललेल्या फोडींना दोन चमचे गूळ आणि लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी निथळून घ्या, उरलेल्या आटीव रसाबरोबर दाट होईपर्यंत उकळा आणि त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून फोडींवर परत घाला. वरच्या थराला 100 ग्रॅम ज्वारीचं ताजं पीठ, 50 ग्रॅम कणीक, 70 ग्रॅम गुळाची पावडर आणि 75 ग्रॅम थिजलेलं तूप. तूप फ्रीजमधलंच हवं, पातळ तुपानं चुऱ्याचा गोळा होतो. बोटांच्या टोकांनी चोळून वाटाण्याएवढे खडे करा, तळव्याची ऊब लागू देऊ नका. ज्वारीत ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) नसल्यानं थर खुसखुशीत राहतो, आणि तुपात लोण्यासारखं पाणी नसतं. 190 अंशांवर 35 मिनिटं, कडेनं रस दाट बुडबुडे काढू लागेपर्यंत. ते दिसले नाहीत तर कॉर्नफ्लोअर कच्चं आहे. कढईत वरचा थर तांबूस होत नाही, तेव्हा चुरा वेगळा मंद आचेवर परतून शिजलेल्या फोडींवर वाढताना पसरा. उरलेला क्रम्बल मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतो, तो ओव्हनमध्येच दहा मिनिटं तापवा.