जळजळीचे दिवस मोजताना: जर्ड-क्यू प्रश्नावली घरी कशी भरावी

ॲसिडिटीची तक्रार घेऊन गेल्यावर काही डॉक्टर जर्ड-क्यू (GerdQ) नावाची प्रश्नावली भरायला देतात. जर्ड म्हणजे रिफ्लक्सचा, पोटातलं आम्ल उलट अन्ननलिकेत येण्याचा आजार. प्रश्न फक्त 6, सगळे गेल्या 7 दिवसांबद्दल. काम पाचेक मिनिटांचं, पण इंदूरच्या मराठी घरांत एका शब्दापायी घोटाळा होतो: पित्त.

आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि बाहेर हिंदीत सांगताना या सगळ्याचा ‘गॅस’ होतो. म्हणून आजींना "पित्त किती वेळा झालं?" असं विचारूच नका. छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवा आणि विचारा, "इथे, हाडाच्या मागे जळजळलं का?" हा पहिला प्रश्न. "खाल्लेलं किंवा आंबट पाणी घशाशी आलं का?" हा दुसरा. मग बोट खाली आणा, फासळ्यांच्या खाली पण बेंबीच्या वर: "इथे दुखलं का?" चौथा मळमळीचा. पाचवा, जळजळीने किंवा आंबट पाण्याने झोप मोडली का. सहावा, डॉक्टरांनी सांगितलेल्याशिवाय आणखी औषध घेतलं का. लिहून दिलेली सकाळची पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) यात धरायची नाही. स्वतःहून घेतलेलं ईनो किंवा डायजिन धरायचं.

मोजायचे ते दिवस. शनिवारी सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू (तळलेला कंद) खाल्ले आणि रात्रीत तीनदा उठावं लागलं, तरी तो 1 दिवसच. आठवणीवर विसंबू नका, मंगळवारचं शुक्रवारी कुणाला आठवत नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी कॅलेंडरवर कालच्या तारखेच्या चौकटीत ‘ज’ (जळजळ), ‘आं’ (आंबट पाणी), ‘झो’ (झोपमोड) अशी अक्षरं टाका. पोटदुखी, मळमळ आणि जादा औषधाचीही तशीच.

गुण देताना रकाने चार: 0 दिवस, 1 दिवस, 2 ते 3 दिवस, 4 ते 7 दिवस. प्रश्न 1, 2, 5 आणि 6 ला अनुक्रमे 0, 1, 2, 3. प्रश्न 3 आणि 4 मात्र उलटे: 3, 2, 1, 0. पोटाच्या वरच्या भागात दुखणं आणि मळमळ जास्त असेल, तर दुखण्याचं मूळ रिफ्लक्सपेक्षा वेगळं असण्याची शक्यता वाढते, म्हणून ही उलटी मोजणी. त्यामुळे काहीच त्रास नसलेल्या माणसाचेही 6 गुण होतात. तो आकडा पाहून घाबरू नका. 18 पैकी 8 किंवा जास्त आले तर रिफ्लक्सची शक्यता बरीच. पण निदान डॉक्टरच करतील. प्रश्नावलीत एखाद्या प्रश्नापुढे खूणच नसेल तर ते 0 नव्हे, पुन्हा विचारा.

घास अडकतो, वजन आपोआप उतरतंय, शौचाला डांबरासारखी काळी होते किंवा उलटीत रक्त दिसतं, तर गुण कितीही येवोत, लगेच डॉक्टर गाठा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर कागद बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा.

वडीलधाऱ्यांसाठी प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून काढा आणि त्या कागदावर गुण लिहू नका, फक्त दिवसांचे रकाने ठेवा. आकडे दिसले की माणूस अंदाज बांधून खूण करतो. सून वाचून दाखवत असेल तर उत्तर आजींच्याच तोंडून येऊ द्या. औषध सुरू झाल्यावर पुन्हा भरताना जुना कागद झाकून ठेवा, आणि दोन्हींवर तारीख, औषधाचं नाव व मात्रा लिहून ते डॉक्टरांकडे न्या.