बॉक्सिंग लावायच्या आधी वर्गणी गोळा करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून अमेरिकेत नवीन आलेल्या मुलांनो, बँकेचं खातं, गाडीचं लायसन्स, तांदूळ कुठला घ्यायचा हे सांगायला कुणी ना कुणी भेटतं. मी जे सांगतोय ते सहसा कुणी सांगत नाही.

आपण जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेली माणसं. आनंदवाडीच्या आखाड्यात ज्याने दंगल बघितली, त्याला इथे बॉक्सिंगचं वेड लागायला वेळ लागत नाही. पण मोठी लढत महिन्याच्या केबल बिलात धरलेली नसते. त्या एका रात्रीचे वेगळे पैसे पडतात, ते पे-पर-व्ह्यू. पैसे लढतीचे असतात, फेऱ्यांचे नाही. १९९७ साली टायसनने होलीफिल्डचा कान चावला आणि लढत तिसऱ्या फेरीनंतर थांबली, ती लढतसुद्धा लोकांनी अशीच विकत घेऊन बघितली होती.

आता माझं नुकसान ऐका. २ मे २०१५, मेवेदर आणि पॅकियाओ. एचडीचा दर ९९.९५ डॉलर. त्या रात्री ऑर्डरी इतक्या आल्या की केबलवाल्यांच्या यंत्रणा तुंबल्या आणि मुख्य लढत उशिरा सुरू करावी लागली. आमच्याकडे पडदा काळाच. अकराजण जमलेले, भडंगाची परात मधे. मला वाटलं ऑर्डर गेलीच नाही, म्हणून आतल्या खोलीतल्या टीव्हीच्या केबल बॉक्सवरून पुन्हा केली. थोड्या वेळाने दोन्ही टीव्ही सुरू झाले. महिन्याने बिल आलं, त्यात दोन्ही ऑर्डरी. जवळजवळ दोनशे डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेबारा हजार रुपयांच्या वर. कंपनीने एक पैसा सोडला नाही. माणशी दहा डॉलर ठरले होते, दिले चौघांनी.

तेव्हा पडदा काळा राहिला तर बटणाला हात लावू नका. आधी फोन करून ऑर्डर नोंदली गेली का ते विचारा. घरात लहान मुलं असतील तर खरेदीला पिन घाला.

वर्गणी आदल्या दिवशी घ्या. पुण्या-मुंबईच्या मुलांना हिशेब मागायला संकोच वाटत नाही, आपल्या लोकांना वाटतो. "या की सगळे" म्हणायचं आणि मग दारात आलेल्याकडे पैसे कसे मागायचे! हा संकोच सोडा. इथली माणसं आधी आकडा सांगतात, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. मला त्यांची ही रीत आवडते.

मित्रांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि हॉल घेऊन, पडदा लावून तिकीट काढणं वेगळं. घरचं कनेक्शन घरापुरतंच. बारवाले आपल्या जागेच्या क्षमतेप्रमाणे वेगळा परवाना घेतात. विनापरवाना दाखवलं तर कायद्यात एका प्रकरणाला १० हजार डॉलरपर्यंत भरपाई आहे, आणि कमाईसाठी मुद्दाम केल्याचं ठरलं तर वर आणखी १ लाखापर्यंत. व्हिसावर असलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये. चोरट्या लिंकचंही तेच.

हल्ली काही मोठ्या लढती नेटफ्लिक्सच्या नेहमीच्या वर्गणीतच दिसतात. नोव्हेंबर २०२४ मधली टायसन-पॉल तशी होती, सप्टेंबर २०२५ मधली कनेलो-क्रॉफर्डही. म्हणून कार्ड काढायच्या आधी लढत कुठे लागणार ते बघा.

लढत संपते तेव्हा बेळगावात रविवारची सकाळ झालेली असते. घरी फोन करायचा असेल तर तेव्हाच करा, सगळे जागे असतात.